मिथेन, निकेल, करवंटीचा कोळसा आणि रेडीचा दगड: प्रकल्प नोंदी

१६ जून २०२५

नवी वही. काम: मिथेन तोडून हायड्रोजन काढायचा, त्यासाठी धातूचे आणि कार्बनचे कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) बनवायचे आणि ते किती टिकतात ते बघायचं.

मिथेनच्या एका मोलचे कार्बनचा एक मोल आणि हायड्रोजनचे दोन मोल होतात. त्यासाठी लागणारी उष्णता मोलमागे ७५ किलोज्यूल, म्हणजे हायड्रोजनच्या मोलमागे साडेसदतीस. सध्याचा रुळलेला मार्ग वाफेच्या रिफॉर्मिंगचा, म्हणजे मिथेनची वाफेशी अभिक्रिया. त्यात हायड्रोजनच्या मोलमागे ४१ लागतात, शिवाय एक किलो हायड्रोजनमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आपल्या प्रक्रियेत ऑक्सिजनच नाही, त्यामुळे कार्बन काजळी होऊन खाली बसतो. कागदावर फारच सुंदर.

वजनाचा हिशेब मात्र पहिल्या पानावरच लिहून ठेवतो: १६ ग्रॅम मिथेनमधून ४ ग्रॅम हायड्रोजन, १२ ग्रॅम कार्बन. एक किलो हायड्रोजन हवा असेल तर तीन किलो कार्बन सांभाळावा लागणार. कारखाना हायड्रोजनचा म्हणा, वजनकाट्याच्या लेखी तो कार्बनचाच.

गाइड मॅडमनी आज स्पष्ट सांगितलं, “पहिल्या तासाचं कन्व्हर्जन मला दाखवू नकोस. कॅटॅलिस्ट मरेपर्यंत धातूच्या एका ग्रॅमवर किती ग्रॅम कार्बन बसला, तो आकडा घेऊन ये.” (कन्व्हर्जन म्हणजे आत सोडलेल्या मिथेनपैकी किती टक्के तुटला.)

१९ जून

समतोलाचे आकडे काढले, शुद्ध मिथेन आणि एक बार दाब धरून. ५०० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त ३२ टक्के मिथेन तुटू शकतो, ६०० ला ६० च्या जवळ, ७०० ला ८१, ८०० ला ९२, ८५० ला ९४-९५. कॅटॅलिस्ट कितीही चांगला असला तरी या रेषेच्या वर जाणार नाही. दाब वाढवला तर आकडे आणखी खाली येतात, कारण वायूच्या एका मोलचे दोन होतात.

कॅटॅलिस्टशिवाय हेच काम करायचं तर १२०० अंशांच्या वर जावं लागतं. निकेल ५०० ते ७०० मध्ये काम करतं, लोखंड ७०० ते ९५० मध्ये, नुसता कार्बन ८०० ते १००० मध्ये. तिन्ही करून बघायचे.

२४ जून

निकेल-अॅल्युमिना, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या आधारावर बसवलेलं निकेल. १५ टक्के निकेल, ५ ग्रॅमची बॅच. निकेल ०.७५ ग्रॅम हवं. निकेल नायट्रेट हेक्साहायड्रेटमध्ये निकेल २०.२ टक्के, म्हणून नायट्रेट ३.७२ ग्रॅम. अॅल्युमिना ४.२५ ग्रॅम, आदल्या रात्री १२० अंशांवर वाळवलेलं.

पुण्यात जूनअखेरीस निकेल नायट्रेट तोलणं म्हणजे काट्याशी भांडण. हिरवे खडे हवेतलं पाणी ओढून घेतात, आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. बाटली डेसिकेटरमधून काढून लगेच तोलली, लगेच विरघळवली. तरीही प्रत्यक्ष निकेल किती बसलं हे आयसीपीवरूनच (धातूचं प्रमाण मोजणारं यंत्र) मानायचं. तोललेल्या आकड्यावर या मोसमात विसंबायचं नाही.

आधी अॅल्युमिनावर नुसतं पाणी थेंबथेंब टाकून ते किती पितं ते मोजलं. तेवढ्याच पाण्यात नायट्रेट विरघळवून पिपेटने टाकत, काचेच्या कांडीने ढवळत गेलो. पावडर ओलसर वाटली पाहिजे, पण चिकटता कामा नये. रात्रभर ओव्हनमध्ये.

२६ जून

भाजणी ४५० अंशांवर, चार तास, मिनिटाला २ अंश चढ. तपकिरी धूर दिसला, फ्युम हूड पूर्ण वेगात. रंग फिकट हिरव्यावरून राखाडी.

१ जुलै

आज कार्बनचा आधार. करवंटीपासून बनवलेला अॅक्टिव्हेटेड कार्बन, दाणेदार. करवंटीच्या राखेत पोटॅशियम असतं आणि पोटॅशियम स्वतःच कार्बन खाणाऱ्या अभिक्रियांना मदत करतं. ते तसंच राहू दिलं तर पुढे काय निकेलमुळे झालं आणि काय राखेमुळे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतला, मग क्लोराइड दाखवणारी सिल्व्हर नायट्रेटची चाचणी कोरी येईपर्यंत डिस्टिल्ड पाण्याने. या धुण्यातच दिवस गेला.

नायट्रेटचं पाणी कोळशावर गोळे होऊन बसतं, आत शिरत नाही. थोडं इथेनॉल मिसळल्यावर शिरलं.

याची भाजणी हवेत करायची नाही. हवेत, त्यातून निकेल लागलेला कोळसा तीनशे-चारशे अंशांवरच पेट घेऊ शकतो. आणि नायट्रेट अधिक कोळसा हे मिश्रण काय असतं ते बंदुकीची दारू बनवणाऱ्यांना शतकानुशतकं ठाऊक आहे. इथेनॉल पूर्ण उडाल्याची खात्री करूनच ट्यूब फर्नेसमध्ये घातलं: पातळ थर, नायट्रोजनचा प्रवाह, मिनिटाला १ अंश. काही उडालं नाही. निकेल ऑक्साइडचा बराच भाग कोळशानेच धातूपर्यंत आणला असावा, कारण बाहेर काढलेले दाणे चुंबकाला चिकटले.

८ जुलै

रिॲक्टर जोडला. क्वार्ट्झची उभी ट्यूब, आतला व्यास १० मिलिमीटर, मध्ये क्वार्ट्झ वूलचा बोळा, त्यावर कॅटॅलिस्ट. मिथेन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या तिघांना वेगवेगळे मास फ्लो कंट्रोलर. सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासले. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेटतो, मिथेन ५ ते १५ टक्क्यांत. त्यामुळे एकही बुडबुडा चालणार नाही.

नायट्रोजनच्या लाइनवर असा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवला आहे की वीज गेली की तो आपोआप उघडतो. मिथेनचा उलट, वीज गेली की बंद. पावसाळ्यात याची गरज पडणारच.

जीसीमध्ये (गॅस क्रोमॅटोग्राफ, मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र) नमुना वाहून नेणारा कॅरिअर गॅस आर्गॉन. हीलियम आणि हायड्रोजन यांची उष्णतावाहकता जवळपास सारखी, त्यामुळे हीलियममध्ये हायड्रोजनचा पीक (आलेखातलं टोक) नीट दिसत नाही.

कन्व्हर्जनचं सूत्र वहीत डकवतो, कारण इथे नवे लोक हमखास अडखळतात. मिथेन तुटला की वायूचं आकारमान वाढतं. म्हणून बाहेर येणाऱ्या वायूत ६० टक्के हायड्रोजन दिसला तर कन्व्हर्जन ६० नसतं, ०.६ भागिले (२ वजा ०.६), म्हणजे ४३ टक्के.

११ जुलै

पहिला रन, धातू नाही, नुसता धुतलेला करवंटी कार्बन. ८५० अंश, मिथेन मिनिटाला ३० मिली, कार्बन ०.३ ग्रॅम.

सुरुवातीला हायड्रोजन ३५ टक्के, म्हणजे कन्व्हर्जन २१. मग उतार. दुपारनंतर हायड्रोजन ८ टक्क्यांवर. पहिल्या नमुन्यात कार्बन मोनॉक्साइडही होता: कोळशाच्या पृष्ठभागावरचे ऑक्सिजनचे गट तापून सुटतात ते. नंतर तो नाहीसा झाला. फ्युएल सेलच्या गाड्यांसाठी हायड्रोजनचं जे आयएसओ मानक आहे त्यात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दशलक्षात ०.२ भाग आहे. म्हणजे हा सुरुवातीचा वायू वेगळा काढावाच लागणार.

कार्बन हा कार्बनचाच कॅटॅलिस्ट होऊ शकतो, यावर फ्लोरिडा सोलर एनर्जी सेंटरमध्ये नाझिम मुराडोव्ह यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुष्कळ काम केलं. कल्पना मोहक आहे: धातू नको, कॅटॅलिस्टची विषबाधा नको, तयार झालेला कार्बन पुढच्या मिथेनला तोडेल. अडचण अशी की नवीन बसलेला कार्बन जुन्याइतका क्रियाशील नसतो. मिथेन तुटतो तो कोळशातल्या वाकड्यातिकड्या, अर्धवट जागांवर. नव्या थरात त्या कमी. शिवाय अॅक्टिव्हेटेड कार्बनचं सगळं क्षेत्रफळ बारीक छिद्रांत, आणि छिद्रांची तोंडंच आधी बुजतात. आतली शेकडो चौरस मीटर जागा कोरी राहते, पण तिथवर कोणी पोचत नाही. कार्बन ब्लॅकचं (टायरमध्ये घालतात ती काजळी) क्षेत्रफळ बाहेरच्या अंगाला असतं, म्हणून तो हळू सुरू होतो पण जास्त टिकतो.

१७ जुलै

निकेल-अॅल्युमिना. ०.३ ग्रॅम, म्हणजे निकेल ०.०४५ ग्रॅम. आधी हायड्रोजनमध्ये ६०० अंशांवर रिडक्शन, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून धातू करणं. नुसतं निकेल ऑक्साइड तीनशे-चारशेलाच धातूवर उतरतं, पण अॅल्युमिनाला घट्ट धरून बसलेलं त्याहून बरंच वर. टीपीआरमध्ये (तापमान चढवत रिडक्शन मोजणारी चाचणी) आपला मोठा पीक पाचशेच्या पुढेच आहे. मग नायट्रोजनने झटकून ६०० ला मिथेन, ३० मिली.

हायड्रोजन ६० टक्क्यांजवळ. तास झाला, दोन झाले, आकडा जेमतेम उतरला. कालपर्यंत कोळशाचा घसरता आलेख पाहिल्यावर हे बघताना बरं वाटत होतं. संध्याकाळकडे आकडा तसाच, पण रिॲक्टरच्या आधीचा दाब चढू लागला. आधी सावकाश, मग भराभर. मिथेन बंद केला.

कॅटॅलिस्ट जिवंत होता. नळी भरली होती.

हिशेब साधा आहे. मिनिटाला ३० मिली म्हणजे तासाला ७३ मिलिमोल मिथेन. ४३ टक्के तुटला तर तासाला सुमारे ०.३८ ग्रॅम कार्बन. असा तंतुमय कार्बन दाबूनही मिलिलिटरमध्ये अर्धा ग्रॅम मावला तर खूप. १० मिलिमीटरच्या नळीत तासाला सेंटिमीटरभर थर चढतो. स्थिर बेडमध्ये (कॅटॅलिस्टचा न हलणारा थर) निकेल चालवायचं तर चांगल्या कॅटॅलिस्टची हीच शिक्षा: जितका चांगला, तितक्या लवकर नळी बंद.

निकेल इतका वेळ का टिकतं हे मात्र मला अजूनही थोडं जादूसारखं वाटतं. मिथेन निकेलच्या कणाच्या एका अंगावर तुटतो. कार्बन निकेलमध्ये विरघळतो, कणाच्या आतून पलीकडे जातो आणि तिथे तंतू होऊन बाहेर पडतो. आधाराशी पकड सैल असली तर तंतू कणालाच उचलून पुढे घेऊन जातो. तंतूच्या टोकावर बसलेला कण मोकळाच राहतो, त्याचा पुढचा चेहरा उघडा. १९७२ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी निकेलवर अॅसिटिलीनपासून असे तंतू वाढताना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये प्रत्यक्ष पाहिले होते. मिथेन तुटण्याचा वेग आणि कार्बन आतून वाहून जाण्याचा वेग जुळला तोवर ठीक. तुटणं जास्त झालं की कणाभोवती कार्बनचं कवच बसतं आणि तो मेला.

१८ जुलै

नळी थंड करून नायट्रोजनमध्ये थोडी थोडी हवा सोडत नेली, मग उघडली. ताजं रिड्यूस केलेलं निकेल हवेत एकदम आणलं तर ठिणगी पडू शकते. कार्बन इतका घट्ट बसला होता की कांडीने ढकलून निघेना. ग्लासब्लोइंगच्या काकांनी ट्यूब कापून दिली. वर म्हणाले, “पुढच्या वेळी विटेची भट्टीच मागवा.”

वाढलेलं वजन १.६ ग्रॅमच्या आसपास. निकेलच्या ग्रॅममागे ३५ ग्रॅम कार्बन, आणि तेही कॅटॅलिस्ट जिवंत असताना थांबवलेलं. काळी, मऊ, उडणारी पावडर. निकेलची धूळ कर्करोगकारक असू शकते, त्यामुळे मास्क आणि हूडशिवाय हिला हात लावायचा नाही. एमएससीच्या मुलांना पुन्हा सांगितलं.

२३ जुलै

निकेल-कार्बनचं रिडक्शन ५५० अंशांवर लावलं. आत फक्त हायड्रोजन जातोय आणि जीसीत मिथेन दिसतोय. मिथेनचा सिलिंडर तर बंद, रेग्युलेटरही उतरवलेला.

उत्तर आधारातच आहे. निकेल मिथेन तोडतं तसंच कार्बन आणि हायड्रोजन जोडून मिथेन बनवतंही. कॅटॅलिस्ट दोन्ही दिशांना सारखाच. आपण शुद्ध हायड्रोजन सोडला, म्हणून अभिक्रिया उलटी चालली आणि निकेलने स्वतःचीच बैठक खायला सुरुवात केली. तापमान ४०० वर आणल्यावर पीक जवळजवळ गेला. यापुढे निकेल-कार्बनचं रिडक्शन ४०० लाच, अर्धा तास. नायट्रोजनमधल्या भाजणीतच तो बराचसा उतरलेला असतो, त्यामुळे पुरतं.

३० जुलै

निकेल-कार्बन, ६०० अंश. कन्व्हर्जन तिशीत सुरू, अॅल्युमिनावाल्यापेक्षा लवकर घसरलं. कोळशावर निकेलचे कण घट्ट धरलेले नसतात, सरकून एकमेकांत मिसळतात. मोठ्या कणातून कार्बनला लांबचा प्रवास, मग कवच.

इथे मोजमापाची खरी पंचाईत आहे. आधारही कार्बन, बसणाराही कार्बन. हवेत जाळून किती बसला हे काढता येत नाही, दोन्ही एकत्रच जळतात. नुसतं वजन घेतलं तर आधारातून उडालेले ऑक्सिजनचे गट आणि निकेलने खाल्लेला कोळसा त्यातून वजा झालेला असतो. म्हणून दर वीस मिनिटांच्या जीसीवरून तुटलेला मिथेन जोडत गेलो. निकेलच्या ग्रॅममागे १५ च्या आसपास. अॅल्युमिनाच्या रनला हीच पद्धत लावून वजनाशी ताडून पाहिली, जुळते. तेव्हा हा आकडा धरायला हरकत नाही.

कार्बनच्या आधाराचं समर्थन एकच: शेवटी हाती येणाऱ्या मालात अॅल्युमिना मिसळलेलं नसतं.

५ ऑगस्ट

वीज गेली, रन अर्धवट. सोलेनॉइडने काम चोख केलं.

१३ ऑगस्ट

निकेल-अॅल्युमिना ७०० अंशांवर. सुरुवात झकास, कन्व्हर्जन साठीच्या वर. तासाभरात कोसळलं. ग्रॅममागे १२ सुद्धा नाही. सहाशेला साधारण दोन-तृतीयांश वेगाने चाललेला रन तिप्पट कार्बन देऊन गेला होता. कोणाला फक्त पहिला तास दाखवला असता तर ७०० जिंकलं असतं. मॅडमचं बोलणं आता पुरतं पटलं.

निकेलचा द्रवणांक १४५५ अंश. केल्व्हिनमध्ये त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ५९० अंशांच्या आसपास, धातूचे कण हलू लागतात. ७०० ला आपण त्याच्या बरेच पुढे आहोत. कण फुगतात, शिवाय मिथेन इतक्या वेगाने तुटतो की आतली वाहतूक पुरी पडत नाही. थोडं तांबं मिसळलं तर कवच उशिरा बसतं असं सर्वमान्य आहे. पुढच्या बॅचमध्ये निकेल १२, तांबं ३ टक्के.

२२ ऑगस्ट

ग्रुप मीटिंगमध्ये नेहमीचा प्रश्न: कार्बन हवेत जाळून कॅटॅलिस्ट पुन्हा ताजा का करत नाही?

फळ्यावर लिहून दाखवलं. किलो हायड्रोजनमागे ३ किलो कार्बन. तो जाळला तर ११ किलो कार्बन डायऑक्साइड. रिफॉर्मिंगपेक्षा जास्त! जाळण्यातून उष्णता मिळते हे खरं, पण ज्यासाठी हा मार्ग धरला तेच गेलं. १९६० च्या दशकात यूओपी कंपनीने ‘हायप्रो’ नावाने नेमकं हेच केलं होतं: निकेल-अॅल्युमिना, फ्लुइडाइज्ड बेड (वायूने हलता ठेवलेला थर), कार्बन दुसऱ्या भांड्यात नेऊन जाळायचा. तेव्हा धुराड्यातून काय जातं हे कोणी मोजत नव्हतं. उष्णताच हवी असेल तर तयार हायड्रोजनपैकी सहावा भाग जाळला तरी सिद्धांतात भागतं.

उरतात दोन रस्ते. एक, कार्बन धातूपासून सुटा करणं. २०१७ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेलं काम त्यातलं: निकेल-बिस्मथचा वितळलेला रस, १०६५ अंश, १.१ मीटर उंचीच्या स्तंभात मिथेनचे बुडबुडे आणि ९५ टक्के कन्व्हर्जन. कार्बन सायीसारखा वर तरंगतो. दुसरा रस्ता, कॅटॅलिस्ट इतका स्वस्त घ्यायचा की कार्बनबरोबर गेला तरी चालेल.

८ सप्टेंबर

गणपतीची सुट्टी संपली. वेंगुर्ल्याचा लॅबमित्र गावाहून येताना तिथल्याच रेडीच्या लोहखनिजाचे दगड घेऊन आला. रेडीचा गणपतीही १९७६ मध्ये तिथल्या खाणीतच सापडला, हे त्याने दगड देताना सांगितलंच.

ऑस्ट्रेलियातल्या पर्थजवळ हेझर कंपनी लोहखनिजच कॅटॅलिस्ट म्हणून वापरते. वुडमन पॉइंटच्या सांडपाणी केंद्रातल्या बायोगॅसवरचा त्यांचा प्रात्यक्षिक प्रकल्प २०२४ च्या सुरुवातीला हायड्रोजन देऊ लागला. निकेल टनाला पंधरा हजार डॉलरच्या घरात, लोहखनिज शंभरच्या. एवढ्या फरकात कॅटॅलिस्ट परत मिळवायचा विचारच सोडता येतो.

दगड खलबत्त्यात फोडले, चाळले, २५० ते ४२५ मायक्रॉन ठेवले. काही तुकडे तांबूस-करडे, जड. काही पिवळट, ठिसूळ, म्हणजे गोएथाइट, पाणी धरलेलं लोहखनिज. ३५० ला भाजून त्यातलं पाणी काढलं, सगळी भुकटी लाल झाली. कुठलंही नायट्रेट नाही, आम्ल नाही, तपकिरी धूर नाही. अर्ध्या दिवसात कॅटॅलिस्ट तयार.

१५ सप्टेंबर

रेडी, १ ग्रॅम, ८५० अंश. हायड्रोजनने रिडक्शन मुद्दामच केलं नाही. मिथेनलाच ते करू दिलं.

पहिला काही वेळ हायड्रोजन जवळपास नाहीच. कार्बन डायऑक्साइड आणि खाली ट्रॅपमध्ये पाणी. मग कार्बन मोनॉक्साइडचा उंच पीक. हेमटाइटचं मॅग्नेटाइट, त्याचं वुस्टाइट (तिन्ही लोखंडाची ऑक्साइडं, ऑक्सिजन कमी कमी होत जाणारी), त्याचं लोखंड अशा पायऱ्या उतरतोय. लोखंड तयार झाल्यावर हायड्रोजन एकदम चढला, कन्व्हर्जन चाळिशीला पोचलं आणि तिथेच रेंगाळलं. घसरण आहे, पण सावकाश.

वजन काढताना लक्षात ठेवायचं: शुद्ध हेमटाइट धरलं तरी १ ग्रॅमचं लोखंड होतं ०.७० ग्रॅम. गेलेला ऑक्सिजन मिळवला नाही तर बसलेला कार्बन कमी दिसतो. तो धरून लोखंडाच्या ग्रॅममागे ४ ते ५ ग्रॅम. निकेलच्या ३५ पुढे हा आकडा केविलवाणा. पण रुपयाच्या हिशेबाने बघितलं तर रेडीचा दगड पुढे आहे, आणि फार पुढे.

२३ सप्टेंबर

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना दाखवणारी चाचणी, यातले अंश कोनाचे) आले. निकेलवाल्या कार्बनमध्ये २६ अंशांपाशी ग्रॅफाइटचा पीक, ४४.५ ला निकेल. लोखंडवाल्यात ग्रॅफाइटचा पीक जास्त टोकदार, शेजारी लोखंड आणि थोडं सिमेंटाइट (लोखंडाचं कार्बाइड). रामनमध्येही (लेसरच्या प्रकाशाची चाचणी) तेच: लोखंडाचा कार्बन अधिक सुबक.

निकेलचा कार्बन आम्लात उकळला. द्रावण हिरवं झालं, पण सगळं निकेल सुटत नाही. कवचात अडकलेल्या कणांपर्यंत आम्ल पोचतच नाही. असा माल विकत कोण घेणार?

मालाचं प्रमाणही बघावं. देशाच्या हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन. ते वीज आणि जैवभारापासूनच्या हायड्रोजनचं आहे, पण समजा तेवढाच हायड्रोजन मिथेन तोडून काढला, तर दीड कोटी टन कार्बन. सगळ्या जगात वर्षाला कार्बन ब्लॅक जेवढा खपतो, जवळपास तेवढा. टायरवाले एवढा घेऊ शकत नाहीत, आणि आपला कार्बन टायरच्या प्रतीचा नाहीच. रस्त्याच्या डांबरात, काँक्रीटमध्ये, विटेत जाईल असाच काहीतरी उपयोग शोधावा लागेल. तिथे थोडं लोखंड खपून जातं, निकेल नाही.

१ ऑक्टोबर

निकेल-तांबं, ७०० अंश. नुसत्या निकेलपेक्षा स्पष्टच जास्त टिकलं, सुरुवात थोडी मंद. प्रबंधात एक प्रकरण होईल. कारखान्यासाठी माझा कौल रेडीला.

९ ऑक्टोबर

मॅडमबरोबर पुढची आखणी. शुद्ध मिथेनचे सिलिंडर आता फक्त तुलनेसाठी. आपल्याकडचा नैसर्गिक वायू निम्म्याच्या आसपास आयात होतो. त्यातून हायड्रोजन काढण्यात फारसा अर्थ नाही. साखर कारखान्यांच्या प्रेसमडचा (उसाच्या रसातला गाळ) बायोगॅस असेल तर गोष्ट वेगळी, कारण तो कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला.

बायोगॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड ४० टक्क्यांपर्यंत असतो. तो बसलेला कार्बन खाऊन मोनॉक्साइड बनवणार. हायड्रोजन सल्फाइड निकेलला दशलक्षात काही भाग असला तरी मारतो. लोखंडाला किती झेपतो ते बघायचं. म्हणून तीन मिश्रणं मागवली: मिथेनमध्ये कार्बन डायऑक्साइड २, ५ आणि १० टक्के. सल्फाइडचं मिश्रण सध्या नको, आधी हूडला वेगळा स्क्रबर आणि खोलीत डिटेक्टर.

ट्यूब आता २५ मिलिमीटर व्यासाची, खालून वायू देऊन बेड हलता ठेवायचा. काकांना चित्र दिलं; फ्रिटचं (बेडखालची सच्छिद्र चकती) भोक किती बारीक हवं ते २५० मायक्रॉनच्या खालची चाळणी बघून उद्या सांगायचं.